वाचकांचे प्रश्न : चुंबक, भांडी आणि उत्तर दिशा

गेल्या काही अंकांपासून चुंबकाविषयीची पत्रे साठत गेली होती. एकेका अंकात एकेक प्रश्न घेतला असता तर दिवाळी अंक उजाडला असता, म्हणून या वेळचे सदर संपूर्णपणे त्यांनाच दिले आहे. सर्व पत्रे इंदुरातीलच आहेत. ती थोडी संक्षिप्त केली असून, पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे न देता केवळ वस्त्यांचा उल्लेख केला आहे.

प्रश्न : बर्तन बाजारात स्टीलचे डबे घेताना दुकानदाराने आपणहून गल्ल्यातून चुंबक काढला आणि डब्याच्या बुडाला लावून दाखवला. तो चिकटला नाही, तेव्हा ‘अस्सल माल आहे’ असे तो म्हणाला. घरी आल्यावर मी दोऱ्याला चुंबक बांधून तो डब्याभोवती फिरवून पाहिला, तर बुडापाशी काही नाही, पण काठाजवळ तो किंचित ओढला जातो. माझी फसवणूक झाली का? (एक गृहिणी, रामबाग)

उत्तर : काठाजवळच्या ओढीवरून फसवणूक सिद्ध होत नाही. मात्र बुडाला चुंबक चिकटला नाही एवढ्यावरून अस्सलपणाही सिद्ध होत नाही, आणि दुकानदाराने नेमकी हीच दुसरी बाब आपल्याला सांगितली नाही.

स्टेनलेस स्टील हे मुळात लोखंडच असते. त्यात क्रोमियम मिसळले की गंज धरत नाही, आणि पुरेसे निकेल मिसळले की अणूंची मांडणी बदलते. साध्या लोखंडात अणू घनाच्या आठ कोपऱ्यांवर आणि एक मधोमध असे बसतात, आणि या मांडणीला चुंबक ओढतो. निकेलमुळे ते कोपऱ्यांवर आणि घनाच्या प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावर बसतात, आणि मग तेच लोखंड चुंबकाला दाद देत नाही. भांड्यांच्या व्यापारात ज्याला ‘तीनशे चार’ म्हणतात, त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. जुन्या भांड्यांवर ‘१८/८’ असा ठसा दिसतो, तो हाच. पण पत्रा साच्यात दाबून त्याचा डबा ओढून काढताना काठाला आणि वळणाला पत्र्याची जी ओढाताण होते, तिने तेथील काही अणू पुन्हा जुन्या मांडणीत सरकतात. आपला दोरा काठाजवळ जो कलला त्याचे कारण हे. हे उत्तर लिहिण्यापूर्वी मी घरातील एक जुनी वाटी अशीच तपासली. बुडापाशी दोरा सरळ लोंबत राहिला आणि काठाशी नेताच बोटभर तिरपा झाला. वाटी निर्दोष आहे, तीस वर्षे रोज वापरात आहे.

आता दुकानदाराच्या युक्तीविषयी. निकेल महाग असल्यामुळे ‘दोनशे दोन’ आणि तिच्या जवळपासच्या स्वस्त जातींत निकेल कमी करून त्याच्या जागी मॅंगनीज घालतात. मॅंगनीजही अणूंची मांडणी तशीच बदलते, त्यामुळे या जातींनाही चुंबक चिकटत नाही. म्हणजे ‘तीनशे चार’ आणि ‘दोनशे दोन’ यांत किमतीचा आणि गंजरोधाचा जो फरक आहे, तो चुंबकाला ओळखताच येत नाही. उलट ‘चारशे तीस’ जातीत निकेल जवळजवळ नसते, तिला चुंबक घट्ट धरतो, आणि तरी ती चमचे, झाकणे व तव्यांची बुडे यांसाठी सर्रास वापरली जाते व त्यात काही गैर नाही. जात जाणून घ्यायची असेल तर भांड्यावरचा ठसा पाहावा आणि बिलावर जात लिहून मागावी. लिहून द्यायला दुकानदार का कू करू लागला तर त्यातून जे कळते ते चुंबकापेक्षा जास्त असते.

इंडक्शन शेगडीसाठी मात्र चुंबकाची कसोटी अगदी योग्य आहे. शेगडीखालचे वेटोळे सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा आपले चुंबकीय क्षेत्र उलटसुलट करते, त्यामुळे भांड्याच्या बुडात भोवऱ्यासारखे विद्युत्प्रवाह उठतात आणि बूडच तापते. चुंबकाला चिकटणाऱ्या धातूत हे प्रवाह अगदी खालच्या पातळ थरात कोंडले जातात आणि उष्णता भरपूर निर्माण होते. तांबे किंवा ॲल्युमिनियम यांत ते पुरेसे होत नाही, म्हणून साधी शेगडी अशा भांड्याला ओळखतच नाही. त्यासाठीच ट्रायप्लाय, म्हणजे तीन थरांच्या, भांड्यांचा बाहेरचा थर मुद्दाम चुंबकाला चिकटणारा घेतात.

प्रश्न : ‘अयस्कान्त’ हा शब्द संस्कृत ग्रंथांत कोठे कोठे येतो, आणि आपल्या पूर्वजांना चुंबकाचे ज्ञान होते असे जे सांगितले जाते ते कितपत खरे? समुद्रप्रवासासाठी ‘मत्स्ययंत्र’ नावाचे होकायंत्र भारतात फार प्राचीन काळापासून होते, असेही वाचले आहे. (निवृत्त संस्कृत शिक्षिका, लोकमान्य नगर)

उत्तर : आपल्या प्रश्नाला या सदरात जितकी जागा आहे तितकी बहुतेक पुरणार नाही, तरी जमेल तेवढे सांगतो.

शब्दापासून सुरुवात करू. अयस् म्हणजे लोखंड आणि कान्त म्हणजे प्रिय. सूर्यकान्त, चंद्रकान्त यांच्या पंक्तीतला हा मणी लोखंडाचा लाडका आहे. ‘चुंबक’ या शब्दातही हेच नाते अधिक धीटपणे सांगितलेले आहे. चिनी भाषेत या दगडाचे जुने नाव ममता करणारा दगड असे आहे, आणि लेकराला जवळ ओढणाऱ्या आईची कल्पना त्यामागे आहे. दोन देशांनी एकमेकांना न विचारता एकच उपमा निवडली, कारण लोखंडाचा कीस लागलेला हा काळा दगड पाहिल्यावर दुसरे काही सुचणे कठीण आहे. खनिजशास्त्रात त्याला मॅग्नेटाइट म्हणतात. तो लोखंडाचे ऑक्साइड आहे. सर्वच मॅग्नेटाइट आपणहून लोखंड ओढत नाही, त्यातला थोडाच खऱ्या अर्थाने चुंबकपाषाण असतो.

उल्लेखांपैकी मला सर्वात मोलाचा वाटतो तो वैशेषिक दर्शनाच्या सूत्रांतला. पाचव्या अध्यायात सूत्रकार कणाद गतीची कारणे सांगत जातात. हाताने मुसळ उचलले जाते, वजनामुळे वस्तू खाली पडते, असे एकेक कारण नोंदवतात, आणि सुईच्या चुंबकाकडे सरकण्यापाशी आल्यावर तिचे कारण ‘अदृष्ट’ आहे असे सांगून पुढे जातात. येथे धक्का नाही, वजन नाही, स्पर्श नाही, तरी गती आहे, हे त्यांनी अचूक हेरले. टीकाकारांनी पुढे अदृष्टाचा अर्थ धर्माधर्माकडे वळवला, तो भाग वेगळा. पण दिसणारी सर्व कारणे वजा करून जे उरले त्याला प्रामाणिकपणे ‘न दिसणारे’ असे नाव देणे यात मला तरी कमीपणा वाटत नाही.

दुसरा उल्लेख वैद्यकातला. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सत्ताविसाव्या अध्यायात शरीरात रुतलेले शल्य बाहेर काढण्याचे पंधरा उपाय दिले आहेत, आणि अयस्कान्त हा त्यांपैकी एक आहे. त्याला घातलेल्या अटी पाहाव्यात. शल्य आत अडकून बसलेले नसावे, ते ज्या दिशेने ओढायचे त्या दिशेला सरळ असावे, त्याला कर्ण म्हणजे बाणाच्या टोकाला असतात तसे मागे वळलेले काटे नसावेत, आणि जखमेचे तोंड लहान नसावे. या चार अटी हातात दगड धरून प्रत्यक्ष ओढून पाहिल्याखेरीज कोणाला सुचतील असे वाटत नाही. कर्ण असलेले टोक चुंबकाने ओढले तर ते मांस फाडीत येईल, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते. आजही लोखंडाच्या कामावर असलेल्या माणसाचा एमआरआय करण्यापूर्वी डोळ्यात कधी किसाचा कण गेला होता का, हे विचारतात, त्यामागे हीच भीती उलट बाजूने उभी असते.

तत्त्वज्ञांनी तर या दगडाला वादात ओढले. पुरुष, म्हणजे चैतन्य, काही न करता केवळ सान्निध्याने प्रकृतीला, म्हणजे जड सृष्टीला, हलवतो, जसा चुंबक लोखंडाला, असा सांख्यांचा दृष्टान्त. शंकराचार्य ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात त्याला उत्तर देतात की पुरुषाचे सान्निध्य नित्य असल्यामुळे गतीही नित्य होईल आणि मोक्षाला जागाच उरणार नाही. चुंबकाचे सान्निध्य मात्र अनित्य असते, आणि शिवाय तो पुसून स्वच्छ करावा लागतो. वेदान्ताच्या ऐन चर्चेत दगड पुसण्याची ही बारीक गोष्ट आली आहे, आणि ती वाचताना मला दर वेळी गंमत वाटते. कालिदासाने कुमारसंभवाच्या दुसऱ्या सर्गात शिवाचे मन उमेकडे ओढण्यासाठी हाच दृष्टान्त वापरला आहे, हे आपल्याला मी सांगायला नको. पुढे रसशास्त्राने, म्हणजे पारा व धातूंच्या औषधांच्या विद्येने, कांतलोहाचे म्हणजे चुंबकीय लोहाचे भ्रामक, चुंबक, कर्षक, द्रावक आणि रोमकांत असे पाच प्रकार केले. लोखंडाला फिरवणारा, धरणारा, लांबून ओढणारा अशी त्यांची चढती श्रेणी लावली होती.

यावरून ओढण्याचा गुण आपल्याकडे उत्तम ठाऊक होता, हे निःसंशय. दिशा दाखवण्याचा गुण ही मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि वर सांगितलेल्या एकाही ग्रंथात ती नाही. चुंबकीय सुईचे स्पष्ट लेखी वर्णन चीनमध्ये शन क्वो या विद्वानाने १०८८ च्या सुमारास केले. सुई थेट दक्षिण न दाखवता किंचित पूर्वेकडे कलते, हेही त्याने नोंदवले आहे. मत्स्ययंत्राविषयी म्हणाल तर, हिंदी महासागरातले नाविक पाण्यावर तरंगणारा पोकळ लोखंडी मासा दिशा पाहण्यासाठी वापरतात, असे १२८२ मधल्या एका अरबी ग्रंथात आहे. मासा खरा आहे. त्याला त्याहून हजार वर्षे मागे नेण्यासाठी समकालीन लेखी पुरावा दाखवावा लागेल, आणि जे तसे लिहितात ते तो दाखवीत नाहीत.

कणादांच्या ‘अदृष्टा’चे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगून थांबतो. नील्स बोर यांनी १९११ मध्ये आणि हेन्ड्रिका फान लेउवेन यांनी १९१९ मध्ये स्वतंत्रपणे दाखवून दिले की न्यूटन आणि मॅक्सवेल यांचे नियम कितीही काटेकोर लावले तरी त्यांतून चुंबकाचे चुंबकत्व निघत नाही. ते इलेक्ट्रॉनच्या ‘स्पिन’ या गुणातून येते, आणि शेजारच्या अणूंचे स्पिन एका दिशेला का वळतात याचा उलगडा हायझेनबर्ग यांनी १९२८ मध्ये पुंजयामिकीच्या (क्वांटम मेकॅनिक्सच्या) आधारे केला. म्हणजे फ्रिजवर चिठ्ठी धरून ठेवणारा चुंबक समजायला माणसाला विसाव्या शतकापर्यंत थांबावे लागले.

प्रश्न : मी नववीत आहे. बिघडलेल्या रेडिओच्या स्पीकरमधला गोल चुंबक मी गॅसवर बराच वेळ तापवला. गार झाल्यावर तो टाचणीसुद्धा उचलत नाही. दुसरा चुंबक हातातून पडून फुटला, पण त्याचे दोन्ही तुकडे चांगले चालतात आणि दोन्ही तुकड्यांना उत्तर व दक्षिण ध्रुव आहेत. तापवल्यावर गेला आणि फुटल्यावर राहिला, असे का? (विद्यार्थी, सुदामा नगर)

उत्तर : प्रथम एक सूचना. हा चुंबक म्हणजे भाजलेल्या मातीसारखा कडक आणि ठिसूळ पदार्थ असतो. एकदम तापवला तर तो तडकून उडू शकतो, म्हणून हा प्रयोग पुन्हा करू नकोस.

तुझी निरीक्षणे मात्र उत्तम आहेत. चुंबकाच्या आत असंख्य सूक्ष्म वस्त्या असतात, त्यांना डोमेन म्हणतात. एका वस्तीतले सर्व अणू एकाच दिशेला तोंड करून असतात. बहुतेक वस्त्यांची तोंडे एका बाजूला असली की पदार्थ चुंबक ठरतो, आणि वाटेल तशी वळलेली असली की त्यांचे परिणाम एकमेकांना खोडून काढतात. उष्णतेने अणू थरथरू लागतात आणि एका ठरावीक तापमानाला ही शिस्त पूर्णपणे मोडते. त्या तापमानाला पिएर क्युरी यांच्या नावावरून क्युरी बिंदू म्हणतात. लोखंडासाठी तो ७७० अंश सेल्सिअस आहे, चुंबकपाषाणासाठी सुमारे ५८०, आणि तुझ्या स्पीकरमधल्या फेराइटसाठी साधारण ४५०. गार होताना वस्त्या पुन्हा तयार होतात, परंतु त्यांना एका दिशेला वळवणारे बाहेर कोणी नसल्यामुळे त्यांची तोंडे अस्ताव्यस्त राहतात. कारखान्यातही भट्टीतून निघालेली फेराइटची चकती चुंबक नसते. तिला तारेच्या वेटोळ्यात ठेवून क्षणभर प्रचंड प्रवाह सोडतात, तेव्हा ती चुंबक होते. म्हणजे तू ती चकती तिच्या जन्माच्या अवस्थेला परत नेलीस एवढेच.

फुटण्याने वस्त्यांच्या दिशा बदलत नाहीत. प्रत्येक तुकड्यात त्या पूर्वीसारख्याच एका बाजूला असतात, म्हणून प्रत्येक तुकड्याला स्वतःचे दोन ध्रुव मिळतात. हे पेत्रुस पेरेग्रिनुस या फ्रेंच अभ्यासकाने १२६९ मध्ये एका पत्रात लिहून ठेवले आहे, आणि ते पत्र त्याने इटलीतील एका शहराला पडलेल्या वेढ्यात छावणीत बसून लिहिले. चुंबकाला ‘ध्रुव’ असतात ही भाषाही त्याच पत्रातली.

तुला करून पाहायचेच असेल तर शिवणाची सुई घे आणि तुझ्या राहिलेल्या तुकड्याच्या एका टोकाने ती तीस-चाळीस वेळा एकाच दिशेने घास. परतताना हात उचलून आण, मागेपुढे घासू नकोस. ताटात पाणी घेऊन त्यावर पिंपळाचे लहान पान सोड आणि पानावर सुई ठेव. पान हळूहळू फिरून थांबते. ताट स्टीलचे घेऊ नकोस, पितळेचे किंवा प्लास्टिकचे घे. कारण वर पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात आले आहे.

प्रश्न : आमच्या नव्या फ्लॅटची वास्तू पाहायला आलेल्या गृहस्थांनी दिवाणखान्यात होकायंत्र धरून एक उत्तर सांगितली आणि स्वयंपाकघरात दुसरी. माझ्या मोबाइलने तिसरीच दाखवली. खरी कोणती मानायची? (एक वाचक, टिळक नगर)

उत्तर : तिन्ही मानू नयेत. होकायंत्राची सुई जेथे असते तेथील चुंबकीय क्षेत्राची दिशा दाखवते, आणि फ्लॅटमध्ये ते क्षेत्र केवळ पृथ्वीचे नसते. आपल्या भागात पृथ्वीचे क्षेत्र सुमारे ४५ मायक्रोटेस्ला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक, मायक्रोटेस्ला त्याचा दहा लाखावा भाग), म्हणजे फ्रिजवर लावायच्या चुंबकाच्या शंभराव्या भागाहूनही कमी असते. एवढ्या दुबळ्या क्षेत्राला खांबातल्या सळया, लोखंडी कपाट, खिडकीचे गज, फ्रिजचा दरवाजा, स्पीकर, यांपैकी काहीही सहज हलवते. मोबाइलच्या आवरणात झाकण बंद ठेवण्यासाठी चुंबक असेल तर विचारूच नये. आपण होकायंत्र जमिनीवर, कमरेइतक्या उंचीवर आणि छताजवळ धरून पाहा, एकाच जागी तीन उत्तर दिशा मिळण्याचा संभव आहे.

सुईचे हे हळवेपण किती असते याची महाराष्ट्रातली एक हकीकत सांगण्याजोगी आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालू होती. २ सप्टेंबर १८५९ रोजी सूर्यावरून निघालेले महाप्रचंड चुंबकीय वादळ पृथ्वीवर आदळले तेव्हा तेथील आडवे, म्हणजे जमिनीला समांतर, क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी (हजार नॅनोटेस्ला म्हणजे एक मायक्रोटेस्ला) खाली गेल्याची नोंद झाली, आणि त्या वादळाची तीव्रता ठरवताना आजचे शास्त्रज्ञ ही नोंद हाताशी घेतात. १६०० नॅनोटेस्ला म्हणजे तेथील आडव्या क्षेत्राच्या अवघे चार टक्के. जी उपकरणे याहून कितीतरी बारीक बदल मोजत होती, त्यांच्या दारात मुंबईने विजेच्या ट्रामगाड्या आणायचे ठरवले. ट्रामच्या प्रवाहामुळे सर्व नोंदी निरुपयोगी झाल्या असत्या. तेव्हा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागला नवे ठाणे उभारले. त्याच्या इमारतींत लोखंडाचा वापर टाळून पोरबंदरी दगड, तांबे आणि पितळ वापरले. १९०४ पासून तेथे मोजणी सुरू झाली, आणि जुन्या व नव्या नोंदींची सांगड बसावी म्हणून १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी ती समांतर चालू ठेवली. त्यानंतर १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली. उत्तर दिशेसाठी अख्खी वेधशाळा खाडीपलीकडे नेणारी ती माणसे पाहिली की हातात होकायंत्र घेऊन सळयांच्या जंगलात उभे राहणाऱ्यांचे धाडस थोर वाटते.

मौज अशी की वास्तुविद्येच्या जुन्या ग्रंथांना होकायंत्र लागतच नव्हते. मयमत, मानसार यांत दिशा काढण्याची रीत शंकूची आहे. सपाट जमिनीवर वर्तुळ काढावे, मध्यभागी सरळ काठी उभी करावी, सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला ज्या बिंदूत टेकते तेथे खूण करावी, दुपारनंतर ते पुन्हा टेकते तेथे दुसरी. या दोन खुणा जोडणारी रेघ पूर्वपश्चिम असते. गच्चीवर एका सुटीच्या दिवशी हे करून पाहावे, सळयांचा त्यावर काही परिणाम होत नाही. उज्जैनला सवाई जयसिंगाची वेधशाळा आपण पाहिलीच असेल. तिच्या भिंती उत्तरेला उभ्या आहेत त्या आकाशाच्या आधाराने. इंदूर-उज्जैन परिसरात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहूनही कमी फरक आहे, त्यामुळे उघड्या मैदानात साधे होकायंत्रही पुरेसे चालते.

प्रश्न : उत्तरेकडे डोके करून झोपल्यास रक्तातील लोह चुंबकीय उत्तर ध्रुवाकडे ओढले जाते, हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झाले आहे का? (ज्येष्ठ नागरिक, स्नेहलतागंज)

उत्तर : नाही. प्रौढ माणसाच्या शरीरात तीन ते चार ग्रॅम लोह असते, पण ते खिळ्यातल्या लोखंडासारखे नसून एकेक अणू सुटा, हिमोग्लोबिनच्या रेणूत गुंफलेला असतो. त्याच्या वस्त्या होतच नाहीत. पॉलिंग आणि कोरिएल यांनी १९३६ मध्ये मोजून दाखवले की प्राणवायू घेतलेल्या हिमोग्लोबिनला चुंबक अत्यंत क्षीणपणे दूर लोटतो आणि प्राणवायू सोडलेल्या हिमोग्लोबिनला क्षीणपणेच ओढतो. एमआरआयच्या नळीत पृथ्वीच्या तीस हजार पटींहून प्रबळ क्षेत्रात माणूस अर्धा तास पडून राहतो आणि रक्त डोक्यात चढल्याशिवाय उठून घरी जातो. दक्षिण ही यमाची दिशा आणि उत्तरदक्षिण निजवणे हे मृत्यूशी जोडलेले, हा या रिवाजाचा खरा आधार आहे. तो पाळायचा तर श्रद्धा म्हणून पाळावा, त्याला चुंबकाची साक्ष काढू नये.

प्रश्न : राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात मोठमोठे चुंबक आहेत असे ऐकतो. ते कशासाठी, आणि आसपासच्या वस्तीला त्यांचा काही त्रास होतो का? (एक वाचक, राजेंद्र नगर)

उत्तर : त्रासाचे प्रथम सांगतो. असे चुंबक लोखंडी गाभ्याचे असतात, क्षेत्र गाभ्याच्या फटीत कोंडलेले असते आणि बाहेर काही मीटरांतच विरून जाते. आपल्या घड्याळापर्यंत त्यातले काही पोचत नाही.

या केंद्रातील ‘इंडस-२’ ही सुमारे १७२ मीटर परिघाची निर्वात नळी आहे, आणि तीत इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या अगदी जवळ जाऊन सेकंदाला सुमारे सतरा लाख फेऱ्या मारतात. इलेक्ट्रॉन मुळात सरळ जाऊ पाहतो. त्याला वळवण्यासाठी वाटेत सोळा मोठे चुंबक आहेत, प्रत्येक जण साडेबावीस अंश वळवतो आणि फेरी पुरी होते. त्यांचे क्षेत्र दीड टेस्लापर्यंत जाते. त्यांच्या मध्ये चार ध्रुवांचे चुंबक आहेत, ते इलेक्ट्रॉनांचा झोत भिंगासारखा बारीक धरून ठेवतात. आणि हा सगळा खटाटोप त्या वळणासाठीच आहे, कारण वळताना इलेक्ट्रॉन जो क्ष-किरणांपर्यंतचा प्रखर प्रकाश बाहेर टाकतो, तोच शास्त्रज्ञांना पदार्थांच्या आतली रचना पाहण्यासाठी हवा असतो.

आपल्याला अभिमान वाटेल अशी आणखी एक गोष्ट. जिनीव्हाजवळ सत्तावीस किलोमीटरच्या बोगद्यात जो महाकाय कोलायडर, म्हणजे कणांच्या टकरी घडवणारे यंत्र, आहे, त्यातले पंधरा मीटर लांबीचे, तीस टनांहून जड असे चुंबक ज्या जॅकवर टेकलेले आहेत ते जॅक इंदूरच्या या केंद्राने तयार केलेल्या आराखड्यानुसार भारतात बनले आणि हजारोंच्या संख्येने तेथे गेले. पाना फिरवून एवढा जड चुंबक मिलिमीटरच्या काही शतांशांपर्यंत सरकवता येतो.

प्रश्न : आजीच्या डब्यात १९४७ चा, मागे वाघाचे चित्र असलेला रुपया आहे. तो चुंबकाला चिकटतो. खोटा आहे का? (विद्यार्थिनी, जेल रोड)

उत्तर : त्या वर्षीचा वाघाचा रुपया शुद्ध निकेलचा होता, आणि निकेल हा लोखंड व कोबाल्ट यांच्याप्रमाणे सामान्य तापमानाला चुंबकाला चिकटणारा धातू आहे. तेव्हा चिकटतो हेच ठीक आहे, न चिकटता तर शंका घ्यावी लागली असती. त्याच डब्यातले चांदीचे जुने रुपये चिकटणार नाहीत, पण पितळ आणि शिसेही चिकटत नाहीत, म्हणून त्यांची पारख करायची असेल तर चुंबक घरी ठेवून सराफ्यात जावे.